सुट्टी एकेकाची, विसावा सर्वांचा

१९४८च्या कारखाना अधिनियमातील कलम ५२ साप्ताहिक सुट्टीविषयी आहे. प्रौढ कामगाराला आठवड्याच्या पहिल्या दिवशी कामावर बोलावता येणार नाही, असे ते सांगते. पहिला दिवस कोणता, हे त्या कलमात लिहिलेले नाही. त्यासाठी व्याख्यांच्या कलमाकडे जावे लागते. तेथे आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो, असे नमूद आहे. म्हणजे पहिला दिवस रविवार. घटना समितीचे काम चालू असतानाच झालेल्या या कायद्याने एका धर्माचा उपासनेचा वार, त्याचे नावही न घेता, सर्व धर्मांच्या कामगारांच्या विश्रांतीचा वार म्हणून स्वीकारला.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्या कलम २६ प्रमाणे कोणत्याही कामगाराकडून आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही. सातवा दिवस कोणता असावा, याचा निर्देश मात्र त्या कलमात नाही. सुट्टी शाबूत राहिली; सुट्टीचा वार तेवढा कायद्यातून निसटला.

हा बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, संपाची पूर्वसूचना, कंत्राटी नेमणुका यांवर भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्यांच्या तुलनेत वाराचा प्रश्न किरकोळ वाटतो. मलाही तो एरवी दिसला नसता. परंतु बेंगळूरुच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एका छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला अलीकडे काही वेळा बसण्याचा योग आला, आणि सुट्टी व विसावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेथे ऐकलेल्या उपदेशांतून उलगडत गेले. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझे शिक्षण इतिहासाचे, आणि शासकीय सेवेतली काही वर्षे उद्योग व कामगार या विषयांशी निगडित कामात गेली. या दोन सवयींनी मला तेथे नेले.

पीण्यातील रविवार

पीण्या हे बेंगळूरुच्या वायव्येला, तुमकूरु रस्त्याच्या कडेने पसरलेले आहे. हाच महामार्ग पुढे हुबळी-धारवाड, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत पुण्या-मुंबईला पोहोचतो. मराठी वाचकाला ही जागा फार परकी वाटण्याचे कारण नाही. १९७०च्या दशकात उभी राहिलेली ही वसाहत आशियातील मोठ्या लघुउद्योग क्षेत्रांत गणली जाते. यंत्रांचे सुटे भाग, ओतकाम, इलेक्ट्रोप्लेटिंग, पावडर कोटिंग, पॅकिंग, तयार कपडे असे शेकडो व्यवसाय येथे दाटीवाटीने चालतात. एका गल्लीत लेथचा आवाज, तर पुढच्या गल्लीत शिवणयंत्रांचा. २०१४ पासून मेट्रो येथवर येते. कामगार उत्तर कर्नाटकातून, तमिळनाडू-आंध्रातून, ओडिशा-बिहारमधून आणि ईशान्येकडील राज्यांतूनही आलेले आहेत.

मी ज्या मंडळीत जात असे ती एका तीन मजली इमारतीच्या मधल्या मजल्यावर भरते. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारे युनिट, वर भाड्याच्या खोल्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर पांढरे कापड घातलेले साधे मेज आणि त्यामागे एक लाकडी पीठ, ज्यावर पवित्र शास्त्राची कन्नड प्रत उघडी ठेवलेली असते. भिंतीवर ना चित्र, ना मूर्ती. सकाळी कन्नड उपासना, दुपारी त्याच खुर्च्यांवर तमिळ, आणि संध्याकाळी साडेसातला पुन्हा कन्नड. ही शेवटची उपासना पहिली किंवा जनरल शिफ्ट संपवून परस्पर येणाऱ्यांसाठी असते. काहींच्या हाताला तेव्हा ग्रीसचा वास असतो, आणि त्याचे तेथे कोणाला अप्रूप नसते.

या साधेपणामागे एक निश्चित विचार आहे. सोळाव्या शतकात झुरिक आणि जिनिव्हा येथे धर्मसुधारणेचा जो प्रवाह निघाला, त्याला सुधारित परंपरा म्हणतात. त्याचे प्रमुख नाव जॉन कॅल्विन. हॉलंडमधील सुधारित चर्च, स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन आणि इंग्लंड-अमेरिकेतील काँग्रिगेशनल मंडळ्या या त्याच्याच शाखा. वेदीऐवजी मेज, यज्ञकर्त्या पुरोहिताऐवजी शास्त्र उलगडून सांगणारा पाळक आणि मंडळीने निवडलेले वडीलजन ही तिची ओळख. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन, जोतीराव फुले ज्यांच्या पुण्यातील शाळेत शिकले ते स्कॉटिश मिशन आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेले अमेरिकन प्रेस्बिटेरियन काम हे सारे याच कुळातले. बेंगळूरुत लंडन मिशनरी सोसायटीचे बेंजामिन राइस हे त्या परंपरेतले; त्यांचे चिरंजीव बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या शिलालेखसंग्रहाने कर्नाटकाच्या इतिहासलेखनाचा पाया घातला. दक्षिणेतील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९०८ मध्ये एकत्र आल्या, आणि २७ सप्टेंबर १९४७ रोजी अँग्लिकन व मेथडिस्ट मंडळ्यांसह त्यांनी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन केले. स्वातंत्र्य मिळून सहा आठवडे झाले होते. देश दुभंगत असताना दक्षिणेतील ख्रिस्ती मंडळ्या जुने युरोपीय पंथभेद मागे टाकून एक होत होत्या, ही घटना आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळते.

क्रमशः उपदेशाची अडचण

या परंपरेत उपदेश हा उपासनेचा कणा असतो, आणि तो क्रमाने चालतो. एखादा ग्रंथ हाती घ्यायचा आणि आठवड्यामागून आठवडा, ओळीमागून ओळ तो संपवायचा. कॅल्विनला १५३८ मध्ये जिनिव्हाने हद्दपार केले. १५४१ मध्ये तो परतला तेव्हा लोकांना तक्रारींच्या प्रवचनाची अपेक्षा होती. त्याने तीन वर्षांपूर्वी जेथे थांबला होता त्याच्याच पुढच्या ओळीपासून विवेचन सुरू केले. १५६३ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली याच पद्धतीची. तिच्यातील १२९ प्रश्न ५२ रविवारांत वाटलेले आहेत, म्हणजे वर्षभरात मंडळीने सारी श्रद्धा एकदा समजून घ्यावी. आपल्याकडील ज्ञानेश्वरीचे पारायण ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा क्रम सहज कळेल.

या पद्धतीने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: या आठवड्याचा श्रोता पुढच्या आठवड्यातही असेल. पीण्यात हे गृहीतच कोसळते. ‘मी एक शुभवर्तमान क्रमाने घ्यायला सुरुवात केली,’ तेथील पाळक मला सांगत होते. ‘पहिला भाग ऐकणारे निम्मेही दुसऱ्या भागाला नसत. आलेले नवे असत आणि त्यांना मागचे ठाऊक नसे. शेवटी मी प्रत्येक उपदेश स्वतंत्र करायला शिकलो.’ ते मूळचे गदगकडचे, वय चाळिशीच्या आसपास. बोलताना आवाज चढवत नाहीत. न आलेल्यांना ते गैरहजर म्हणत नाहीत. त्यांच्या वहीत अशांच्या नावापुढे फक्त शिफ्ट लिहिलेली असते.

मग पाळकच कामगाराकडे जातात. रिचर्ड बॅक्स्टर या इंग्रज प्युरिटन पाळकाने १६५६ मध्ये पाळकीय कर्तव्यांवर लिहिलेला ग्रंथ आजही या परंपरेत वाचला जातो. तो ज्या किडरमिन्स्टर गावी होता ते विणकरांचे गाव होते, आणि कुटुंबाकुटुंबाशी बोलून शिकवण देणे हे पीठावरील उपदेशाइतकेच आवश्यक काम आहे, असा त्याचा आग्रह होता. पीण्यातील पाळक जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटतात, रात्रपाळी संपवून आलेल्याच्या खोलीवर जातात. तेथे धर्मचर्चा थोडी आणि इतर गोष्टीच जास्त असतात: प्रेस मशिनमध्ये बोट गेलेल्या मुलाचा ईएसआयचा कागद, ठेकेदाराने अडवलेली मजुरी, गावी पाठवायचे पैसे. नगरनियोजनाच्या आपल्या कागदपत्रांत अशा भेटींना रकाना नाही. स्थलांतरिताला शहरात धरून ठेवणारे धागे मात्र असेच असतात, मग ती भजनी मंडळी असो, गणेश मंडळ असो, मशिदीतली जमात असो वा ही मधल्या मजल्यावरची खोली.

एका संध्याकाळी त्यांनी पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील अकराव्या अध्यायावर उपदेश केला. विषय होता प्रभुभोजनाचा. करिंथ हे बंदराचे आणि व्यापाराचे गाव. तेथील मंडळीत सुखवस्तू लोक आधी जमून खाऊन घेत आणि काहीजण उपाशी राहत. याबद्दल पौल त्यांना खडसावतो आणि जेवायला जमाल तेव्हा परस्परांसाठी थांबायला सांगतो. उपाशी राहणारे बहुधा दास आणि मजूर असावेत, ज्यांना मालकाचे काम आटोपेपर्यंत निघता येत नसे, असे अनेक अभ्यासक मानतात. पाळकांनी हे सांगितले आणि क्षणभर थांबले. ‘दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मंडळीलाही शिफ्टची अडचण होती,’ ते म्हणाले. ‘त्यावर उपाय एकच सांगितला गेला. ज्याच्या हाती वेळ आहे त्याने ज्याच्या हाती नाही त्याच्यासाठी थांबायचे.’ मागच्या रांगेत कोणीतरी हसले, आणि मग सगळेच हसले. त्या दिवशी प्रभुभोजन नेहमीपेक्षा वीस मिनिटे उशिरा झाले. एका युनिटची गाडी अजून सुटायची होती.

आज्ञेची दोन कारणे

रविवारविषयी सुधारित परंपरेइतका विचार, आणि तितका हट्टही, क्वचितच कोणी केला असेल. मुळात ही दहा आज्ञांमधली विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा. ती पवित्र शास्त्रात दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण निराळे आहे. ‘निर्गम’ या ग्रंथात कारण सृष्टीचे आहे: ईश्वराने सहा दिवस निर्मिती करून सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ या ग्रंथात कारण गुलामगिरीचे आहे: तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका, म्हणून तुमच्या दास-दासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. कॅल्विनने या आज्ञेचे तीन हेतू सांगितले. मनुष्याने आपला खटाटोप थांबवून ईश्वराला अंतरी काम करू द्यावे. सर्वांनी एकत्र जमण्यासाठी ठरलेला दिवस असावा. आणि दुसऱ्याच्या हुकमाखाली राबणाऱ्यांना श्रमातून सुटका मिळावी. पैकी पहिला हेतू श्रद्धेचा आहे. दुसरा आणि तिसरा कोणत्याही समाजाने विचार करावा असे आहेत. विशिष्ट वाराविषयी अंधश्रद्धा बाळगू नये, असेही कॅल्विनचे मत होते.

त्याच्या अनुयायांनी हा सैलपणा पुढे ठेवला नाही. सतराव्या शतकातील इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये रविवार हा नियमांचा दिवस झाला. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर रविवारची फेरीबोट सुरू व्हायला २००९ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही तिला विरोध झाला. विसाव्याची आज्ञा जेव्हा पोलिसी नियम होते तेव्हा तिचा पहिला बळी विसावाच असतो. याचे भान ठेवूनच या परंपरेकडून काही घेता येईल.

आपल्याकडे या विचाराचा कारखान्याशी संबंध फार पूर्वी आला, आणि तोही कर्नाटकातच. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बाझेल मिशनमध्ये स्वित्झर्लंडचा सुधारित प्रवाह आणि जर्मनीचा ल्युथरन प्रवाह दोन्ही होते. या मिशनने कन्नडला कित्तेलसारखा कोशकार दिला, मंगळूरुत विणकामाचे आणि १८६५ मध्ये कौलांचे कारखाने काढले. धर्मांतरानंतर जातीचा व्यवसाय आणि आधार तुटलेल्यांना काम देणे हा त्यामागचा हेतू होता. तेथे कामगाराला रविवारी विसावा मिळे; पण काम देणारा आणि उपदेश करणारा एकच होता. पोटासाठी नोकरी आणि आत्म्यासाठी उपासना एकाच हातात असली की दोन्हींचे स्वातंत्र्य आकसते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हे कारखाने जर्मन संबंधांमुळे ताब्यात घेतले आणि तो प्रयोग संपला. विश्रांतीचा दिवस मालकाच्या धर्मनिष्ठेवर अवलंबून असू नये, हा त्याचा मला दिसणारा धडा. तो कामगाराचा हक्क असला पाहिजे.

लोखंडे यांचा रविवार

तसा तो झाला तो मुंबईत. नारायण मेघाजी लोखंडे हे फुले यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या निवेदनातील पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती; त्याबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई. १८८१च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या होत्या, पण केवळ बालकामगारांना. सहा वर्षांच्या चळवळीनंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१च्या कायद्याने सर्व कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळाली.

फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि लोखंडे फुल्यांचे सहकारी, म्हणून प्रेस्बिटेरियन रविवारापासून गिरणी कामगारांच्या रविवारापर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो टाळावा. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, हे कामगारांना दिसत होते. जो वार साहेबाला विसाव्याचा तो आम्हालाही असावा, एवढे कारण पुरेसे होते. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार; महाराष्ट्रातील कष्टकऱ्याला तो उपासनेचा दिवस म्हणून शिकवावा लागत नव्हता. परक्या धर्माचा दिवस म्हणून त्याकडे पाहण्याऐवजी लोखंडे यांच्या कामगारांनी तो आपलासा केला. भारतीय रविवार हा अशा रीतीने चर्चच्या घंटेपेक्षा गिरणीच्या भोंग्याचे अपत्य आहे. म्हणूनच त्याचे रक्षण करण्यात कोणत्याही धर्माचा पक्षपात होत नाही.

जर्मनीच्या राज्यघटनेत रविवार हा श्रमातून विसाव्याचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे, आणि २००९ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने बर्लिनमधील नाताळपूर्व रविवारांची सरसकट दुकानउघडणी रोखली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये रविवारबंदीचे कायदे वैध ठरवले ते धार्मिक कारणासाठी नव्हे. समाजाला एक समान विश्रांतीचा दिवस देणे हा ऐहिक हेतू आहे, असे म्हणून.

एकाच वेळी

‘समान’ हा येथे कळीचा शब्द आहे. पीण्यातील त्या मंडळीत निपाणीकडची एक बाई भेटली. ती कपड्यांच्या कारखान्यात काम करते. मी मराठी बोलतो हे कळल्यावर तिने मोकळेपणाने हिशेब मांडला. तिची सुट्टी रविवारी. नवरा प्लेटिंगच्या युनिटमध्ये. त्याची सुट्टी फिरती, बहुधा आठवड्याच्या मध्ये. मुलांची शाळा रविवारी बंद. ‘घरात सुट्ट्या दोन आहेत साहेब,’ ती म्हणाली, ‘पण सगळी मिळून घरात आहेत असा दिवस नाही.’ कायद्याच्या दृष्टीने या घरात कोणताही भंग झालेला नाही. प्रत्येकाला सातातला एक दिवस मिळतो आहे.

सोव्हिएत संघाने हा प्रयोग एकदा देशभर करून पाहिला होता. १९२९ मध्ये तेथे अखंड उत्पादनाचा आठवडा आला. यंत्रे एकही दिवस थांबायची नाहीत; कामगारांचे पाच गट, आणि प्रत्येक गटाला पाचातला वेगळा दिवस सुट्टी. कागदावर विश्रांती वाढली होती, कारण सातातल्या एका दिवसाऐवजी पाचातला एक मिळत होता. तरीही तक्रारी वाढल्या: नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मित्रांची तिसऱ्या. १९३१ मध्येच हा प्रकार मागे घ्यावा लागला, आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा रविवारच्या सुट्टीसह परत आला. धर्माला उघड विरोध करणाऱ्या राजवटीलाही समान सुट्टीची गरज मान्य करावी लागली, हे बोलके आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हे आधीच ओळखले होते. तिचा १९२१चा चौदावा ठराव उद्योगांतील साप्ताहिक विश्रांतीविषयी आहे. सात दिवसांत सलग चोवीस तासांची विश्रांती, आणि ती शक्यतो आस्थापनेतील सर्वांना एकाच वेळी, त्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या रूढीने ठरलेल्या दिवशी द्यावी, असे तो सांगतो. भारताने त्याला १९२३ मध्येच मान्यता दिली आहे. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ४३ कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळाव्यात, असे उद्दिष्ट ठेवतो. सामाजिक संधी एकट्याने उपभोगता येत नाही. त्यासाठी दुसराही मोकळा असावा लागतो.

विरुद्ध बाजू दुर्लक्षणीय नाही. पीण्यातील लघुउद्योजक मोठ्या कंपनीचा पुरवठादार असतो. शनिवारी मागणी आली आणि सोमवारी माल गेला नाही, तर पुढची मागणी दुसऱ्याला जाते. यंत्रावर कर्ज असते आणि कर्जाला सुट्टी नसते. भट्टी, रुग्णालय, वाहतूक यांना सातही दिवस चालावेच लागते. कित्येक कामगारही जादा कामाच्या पैशासाठी रविवारी स्वखुशीने येतात. गावी पैसे पाठवायचे असतात. २०२३ मध्ये कर्नाटकाने कारखाना कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवत दिवसाला १२ तासांपर्यंत काम आणि तिमाहीत ७५ तासांहून अधिक जादा काम यांना वाट दिली, तीही उद्योगांच्या अशाच मागण्यांमधून. शिवाय रविवारच का, असा प्रश्न शुक्रवारच्या नमाजाला जाणारा कामगार विचारू शकतो, आणि तो रास्त आहे.

यावरचे उत्तर आपल्या अनुभवातच आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्याच्या गरजेतून हा वार आला, पण तो साऱ्या पट्ट्याचा झाला. गुरुवारी तेथे बाजार भरतात, लग्ने ठरतात, लोक एकमेकांकडे जातात. मुलांची शाळा वेगळ्या वारी बंद असते, ही उणीव आहेच. तरीही वार रविवारच असला पाहिजे असे नाही. तो एका परिसराचा एक असला पाहिजे, हे तेथून शिकता येते.

संहितेखालील राज्यांच्या नियमांतून म्हणून तीन गोष्टी साधता येतील. पहिली, ज्या उद्योगांना अखंड चालण्याची तांत्रिक गरज नाही, त्यांनी सुट्टी साऱ्या आस्थापनेला एकाच दिवशी द्यावी, आणि तो दिवस औद्योगिक क्षेत्रातील मालक व कामगारांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवावा. वेगळे काही ठरले नसेल तर रविवार मानावा. दुसरी, जुन्या कलम ५२ मध्ये एक साधी शिस्त होती: सुट्टीचा वार बदलायचा तर आधी सूचना फलकावर लावायची आणि निरीक्षकाला कळवायची, बदली सुट्टी तीन दिवस मागे-पुढे द्यायची, आणि कोणालाही सलग दहा दिवसांपेक्षा अधिक सुट्टीविना राबवायचे नाही. ही शिस्त नियमांत टिकवावी, आणि ठेकेदाराच्या माणसांनाही ती स्पष्ट शब्दांत लागू करावी. तिसरी, अखंड चालणाऱ्या उद्योगांत फिरती सुट्टी महिन्यातून किमान एकदा समान दिवशी पडेल असे वेळापत्रक असावे, आणि पती-पत्नी दोघेही एकाच क्षेत्रात कामाला असतील तर त्यांना एकच वार मागण्याचा हक्क असावा. यांपैकी कशालाही तिजोरीतून खर्च लागत नाही.

औद्योगिक क्षेत्रे आखताना आपण रस्ते, वीज, सांडपाणी यांचा विचार करतो, आणि तोही अपुरा. माणसे जमतील कोठे आणि कधी, हा प्रश्न आपल्या आराखड्यांत येत नाही. ‘कोठे’ याचे उत्तर कामगार स्वतः शोधतात: एखादी भाड्याची खोली, एखादे देवळाचे अंगण, मैदानाचा कोपरा. ‘कधी’ याचे उत्तर मात्र ते स्वतः देऊ शकत नाहीत, कारण वेळापत्रक त्यांच्या हाती नाही. ते कायद्याने द्यायचे असते. १८९० मध्ये मुंबईच्या कामगारांनी ते झगडून मिळवले होते. आपण ते एका व्याख्येच्या फेरफारात हरवू नये.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी व इतिहासाचे अभ्यासक आहेत. मूळ इंग्रजी लेखाचा अनुवाद.)